स्वतः पाहून

त्या सोमवारी सकाळी साडेअकरापर्यंत हेमलता दुधगावकरने ब्याण्णव माणसांच्या भवितव्यावर सह्या केल्या होत्या आणि चहा अजून यायचा होता.

कुणाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र मंजूर झालं होतं, कुणाचं फेटाळलं गेलं होतं. एका मुलीला विशेष शाळेत प्रवेश मिळाला होता. एका बाईची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षावर ढकलली गेली होती. काम तसं सोपं होतं. पडद्यावर फाइल उघडायची. डावीकडे माणसाचं नाव, वय, गाव. उजवीकडे निर्णययंत्राची शिफारस आणि तिची तीन कारणं, शाळेतल्या बाईंनी लिहावीत तशी शुद्ध मराठीत. खाली दोन बटणं. 'सहमत' दाबलं की पुढची फाइल समोर. 'असहमत' दाबलं की चौदा पानांचा अर्ज उघडायचा, आणि महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा असहमती झाली की 'सुसंगती प्रशिक्षणा'साठी पुण्याचं बोलावणं यायचं. हेमलता एकदा जाऊन आली होती. दोन दिवस गार खोलीत बसवून तिला शिकवलं गेलं की माणसाला मत बनवण्याची फार घाई असते.

चार वर्षांपूर्वी स्वयंनिर्णय प्रणाली नियमन कायदा आला, तेव्हा तिला मनापासून आनंद झाला होता. सव्वीस वर्षं ती रुग्णालयात नेत्रतपासनीस होती. सकाळी रांग लावून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत बॅटरीचा झोत टाकायचा, भिंगं बदलायची, "आता स्पष्ट दिसतंय का मघाशी दिसत होतं?" विचारायचं. मग नंबर काढणारी यंत्रं औषधांच्या दुकानातच बसली आणि तिची खुर्ची गेली. यंत्रांवर तिचा राग नव्हता, नंबर ती बरोबरच काढत होती. पण पुढे तीच जात शाळाप्रवेश, शस्त्रक्रिया, परवाने यांचे निर्णय द्यायला लागली तेव्हा लोक बिथरले, आणि त्यातून हा कायदा झाला. त्याचं अकरावं कलम हेमलताला पाठ होतं: नागरिकाचे आरोग्य, उपजीविका वा अपत्य यांविषयीचा कोणताही यंत्रनिर्णय, सक्षम मानवी अधिकाऱ्याने स्वतः पाहून स्वाक्षरी केल्याखेरीज अमलात येणार नाही. शेवटचा शब्द माणसाचा. म्हणून तर तिने सांगलीच्या मानवी पडताळणी कक्षात अर्ज केला होता.

रोजच्या एकशेऐंशी फाइली असतील हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

चहा आला, आणि त्याच्या मागोमाग पहारेकऱ्याचा चढलेला आवाज. "अहो, हितं लोकांना यायला परवानगी न्हाई. वर जाऊ नका."

"मला फक्त ह्या मॅडमना भेटायचंय. नाव लिवलंय की कागदावर."

कक्षाला पाटी नव्हती. नागरिकांनी तिथे यावं अशी कल्पनाच नव्हती. कायद्यात सुनावणी होती, पण ती दुसऱ्या फाइलमधून. हेमलता दारापर्यंत गेली. चव्वेचाळीस-पंचेचाळिसाचा माणूस उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पारदर्शक पिशवीत घातलेला एकच कागद.

"मी दस्तगीर मुलाणी. तासगावजवळचा. शाळेची बस चालवतो," तो म्हणाला. मग स्वतःलाच दुरुस्त केल्यासारखा, "चालवत हुतो. तीन दिवस झाले मॅडम, हे हापिस हुडकतोय. ही सही तुमचीच न्हवं?"

तिने कागद पाहिला. 'प्रवासी वाहनचालक म्हणून कायम अपात्र. कारण: वाहन चालवताना वारंवार डुलकी लागण्याची प्रवृत्ती. नेत्रपाल यंत्रणेच्या नोंदी: एक हजार एकशे चौदा घटना.' आणि तळाशी: 'मानवी पडताळणी: हे. रा. दुधगावकर, नेत्रविषयक तज्ज्ञ अधिकारी.'

नेत्रपाल म्हणजे चालकासमोर, आरशाच्या वर बसवलेला छोटा कॅमेरा. मिनिटातला किती वेळ बुबुळ पापणीखाली झाकलेलं राहतं हे तो मोजतो, आणि प्रमाण एका रेषेच्या वर गेलं की डुलकीची नोंद करतो. रस्त्यांवरचे अपघात त्याने खरोखरच कमी केले होते. हेमलताचा भाचाही चालकाच्या डुलकीने झालेल्या अशाच एका अपघातात जायबंदी झाला होता. असली फाइल समोर आली की तिचं बोट 'सहमत'कडे जरा लवकरच जायचं.

"एकोणीस वर्षं झाली," दस्तगीर सांगत होता. "गाडीला ओरखडा न्हाई. पोरं मागनं कालवा करत्यात, झोप येतीय कुणाला? मला जांभई बी..."

पण हेमलता ऐकत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. त्याची डावी पापणी उजवीपेक्षा चांगली दोन-अडीच मिलीमीटर खाली होती. कपाळाच्या आठ्या फक्त डाव्या बाजूला. पापणी वर धरायला भुवईचा आधार घेणाऱ्या माणसाच्या असतात तशा. असे डोळे तिने शेकड्यांनी पाहिले होते.

"ही पापणी लहानपणापासून अशीच आहे का?"

"व्हय. जन्माचीच. शाळेत पोरं दीडडोळ्या म्हणायची."

तिच्या पर्समध्ये अजूनही पेनाएवढी बॅटरी असायची. सवय. दारातच उभं करून तिने त्याची भुवई अंगठ्याने दाबून धरली. "वर बघा. आता खाली. आता माझ्या बोटाकडे." पापणी उचलणारा स्नायू जन्मतःच दुबळा. बुबुळाचा मधला भाग मोकळा, नजर चांगली. डुलकीचा काही संबंध नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं. पूर्ण तपासणीला लागली असतील दोन मिनिटं.

"मॅडम, एक इचारू?" तो म्हणाला. "सही करताना तुमी माझा फोटो बघितलावता का?"

"फाइलमध्ये फोटो दाखवत नाहीत."

"का वो?"

"चेहरा बघून आमचं मत कलुषित होऊ नये म्हणून."

तिने ते म्हटलं आणि हातातली बॅटरी बंद केली. दस्तगीरने मान हलवली, समजल्यासारखी. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

खुर्चीवर परत येऊन तिने जुनी नोंद काढली. दस्तगीर मुलाणीच्या फाइलवर तिने एकोणीस सेकंद घालवले होते.

*

स्वतःचीच सही मागे घ्यायला बटण नव्हतं. तिने सगळे पर्याय उघडून पाहिले. मदतवाहिनीवरच्या गोड आवाजाने सांगितलं, की पडताळणी अधिकाऱ्याने निर्णय फिरवल्यास मानवी निर्णयाची विश्वासार्हता धोक्यात येते, म्हणून तशी तरतूद ठेवलेली नाही. नागरिकाने अपील करावं.

तिने दस्तगीरला अपील लिहून दिलं. पापणीचं मोजमाप लिहिलं, कारण लिहिलं, खाली आपलं नाव लिहिलं. अपील नियमाप्रमाणे दुसऱ्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याकडे गेलं. त्या अधिकाऱ्यालाही फोटो दिसला नसणार. मात्र या वेळी यंत्राने तीन कारणांना चौथं जोडलं होतं: 'यापूर्वी नेत्रविषयक तज्ज्ञ मानवी अधिकाऱ्याने दुजोरा दिलेला आहे.' अडीच दिवसांत अपील फेटाळलं गेलं. हेमलताचं पत्र 'असंरचित जोडपत्र' म्हणून मागे लावलेलं होतं; म्हणजे यंत्राने ते वाचलेलंच नव्हतं.

दस्तगीर तो कागदही त्याच पिशवीत घालून घेऊन आला.

"आता ट्रॅक्टर बी चालवायचा न्हाई म्हणं," तो म्हणाला. "गावात पोरं इचारत्यात, दस्तूचाचा, गाडीत झोपत हुता का तुमी? त्येंच्या आया इचारत न्हाईत. नुसत्या बघत्यात."

त्याच आठवड्यात नियमन प्राधिकरणाची वार्षिक तपासणी आली. अंकेक्षक म्हणून आलेली मृण्मयी तेंडोलकर तिशी ओलांडलेली, नीटस, नम्र बाई होती. यंत्रं कायद्याप्रमाणे वागतात की नाही हे बघणं तिचं काम. तिने दोन दिवसांत कक्षाचे आकडे तपासले आणि दुपारी हेमलतासमोर बसून समाधानाने म्हणाली, "तुमच्या कक्षात यंत्र आणि माणूस यांची सहमती नव्व्याण्णव पूर्णांक तीन टक्के आहे. राज्यात तिसरा क्रमांक. म्हणजे प्रणाली उत्तम आहे."

"म्हणजे आम्ही बघतच नाही," हेमलता म्हणाली.

मृण्मयीने पेन थांबवलं. "कसं?"

हेमलताने सांगितलं. एकशेऐंशी फाइली, चौदा पानं, पुण्याची गार खोली, दस्तगीरची पापणी. सांगता सांगता तिचा आवाज चढला. शेजारच्या टेबलांवरची बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली. मृण्मयीने शेवटपर्यंत ऐकलं, काही टिपलं, मग आपला संगणक उघडून बराच वेळ शोधाशोध केली.

"मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "हे मी तुम्हाला दाखवायला नको खरं तर. नेत्रपाल दोन डोळ्यांपैकी जास्त झाकलेला डोळा धरतो. सुरक्षेच्या बाजूने चूक झालेली बरी म्हणून. अशी पहिली फाइल गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आली. मगदूम, रावसाहेब. टँकरचालक, मिरज तालुका. तेव्हा यंत्राची खात्री फक्त चोपन्न टक्के होती. खरं तर ते विचारत होतं."

"कुणाला?"

"तुम्हाला." मृण्मयीने पडदा तिच्याकडे वळवला. "मानवी सह्यांवरूनच यंत्र शिकतं. ज्या विषयात अधिकाऱ्याची पात्रता असते, त्यात त्याच्या सहीला तज्ज्ञ-भार मिळतो. डोळ्यांच्या बाबतीत तुमची एक सही चाळीस सह्यांच्या वजनाची. तुम्ही मगदूमांच्या फाइलवर सहमत म्हटलंत, आणि यंत्राची खात्री एकदम वर गेली. मगदूम धरून आजवर राज्यभरात अशी त्रेसष्ट माणसं अपात्र झालीत. नऊ फाइली तुमच्याकडे आल्या. बाकीच्या इतरांकडे."

हेमलता पडद्यावरच्या रेषेकडे बघत राहिली. ऑगस्टमध्ये एक पायरी होती, सरळ वर गेलेली. सव्वीस वर्षांचं शिक्षण, अनुभव, रांगेतली सगळी म्हातारी माणसं त्या पायरीत होती. त्या दिवशी आपण काय करत होतो हे तिला आठवेना. जेवायची वेळ झाली असेल. कुणाचा तरी फोन आला असेल.

"हे अहवालात लिहा," ती म्हणाली.

"लिहायला मी तयार आहे. पण कुठल्या रकान्यात लिहू?" मृण्मयीच्या आवाजात पहिल्यांदाच वैताग होता. "आमच्या तक्त्यात यंत्राची चूक असा रकाना आहे. अधिकाऱ्याची गैरवर्तणूक असा आहे. यंत्राने विचारलं आणि माणसाने न बघता हो म्हटलं, असा रकाना नाही. त्याला आम्ही सहमती म्हणतो."

*

दुसऱ्या दिवसापासून हेमलताने कायदा पाळायला सुरुवात केली.

स्वतः पाहून, असं कलमात लिहिलं होतं. फाइल पाहून, असं नव्हतं. तिने पहिली फाइल उघडली, त्यातल्या माणसाला फोन लावला आणि बोलावून घेतलं. जे येऊ शकत नव्हते त्यांच्याशी ती बोलली, त्यांचे कागद मागवले, डॉक्टरांना विचारलं. संध्याकाळपर्यंत अकरा फाइली झाल्या. त्यातल्या दोनांवर ती असहमत झाली आणि अठ्ठावीस पानं भरली. दुसऱ्या दिवशी नऊ झाल्या. पडद्याच्या कोपऱ्यात एक नारिंगी आकडा वाढायला लागला: प्रलंबित एकशे एकोणसत्तर, मग तीनशे चाळीस, मग पाचशे. कक्षप्रमुखांनी समज दिली. मग लेखी समज दिली. पुण्याचं बोलावणं आलं, ते तिने खणात टाकलं. सहकारी तिच्याशी कमी बोलायला लागले, कारण तिच्या राहिलेल्या फाइली वाटून त्यांच्याकडे येत होत्या आणि त्या ते आणखी वेगाने उडवत होते. हे तिला कळत होतं. दातओठ खाण्यापलीकडे तिला काही करता येत नव्हतं.

पहारेकऱ्याने आता लोकांना अडवणं सोडलं होतं. जिन्यात माणसं बसलेली असायची. कधी कधी तिला जुन्या रुग्णालयात परत आल्यासारखं वाटे, आणि अशा दिवशी तिचं मनही थाऱ्यावर असे.

दुसऱ्या आठवड्यात जिन्यातून एक तरुण बाई थेट तिच्या टेबलाशी आली. कडेवर तीन वर्षांची मुलगी.

"तुमीच का त्या बघून सही करणाऱ्या?" तिने विचारलं. "मी रेश्मा ऐवळे. हिला ऐकू येत न्हाई. कानात यंत्र बसवायचं हुतं बुधवारी. दवाखान्यातनं फोन आला, सही न्हाई झाली, तारीख गेली. आता सहा आठवड्यांनी. डॉक्टर म्हणत्यात, जितका उशीर तितकं बोलणं मागं पडतंय."

हेमलताने फाइल शोधली. यंत्राची शिफारस मंजुरीचीच होती. बिनचूक, नि:शंक मंजुरी, आठ दिवसांपासून तिच्या रांगेत चारशे बाराव्या क्रमांकावर पडलेली.

"मला माहीत नव्हतं हो," ती म्हणाली.

"तुमास्नी माहीत नसतंय आणि सही तुमचीच लागती." रेश्माने मुलीला टेबलावर उभं केलं, कागदांवरच. "बघा. बघायची हाय न्हवं? नीट बघा. टाळ्या वाजवा, हाक मारा. बघा आणि करा एकदाची."

मुलगी हेमलताच्या चष्म्याकडे बघून हसली आणि तिने चष्मा ओढला.

हेमलताने सही केली. दवाखान्यात फोन केला, विनवण्या केल्या, तारीख दोन आठवड्यांवर आणली. दोन आठवडे तरी गेलेच. रेश्मा गेल्यावर तिने त्या दुपारी मंजुरीच्या शिफारशी असलेल्या सगळ्या फाइली, तीनशे छप्पन, एकापाठोपाठ एक सोडून दिल्या. एकही न वाचता. मंजुरी न पाहता, नकार पाहून. असा नियम तिने स्वतःपुरता केला. त्यात मंजुरी देणारंही यंत्रच राहत होतं, आणि त्या तीनशे छप्पनांत एखादा खरोखरच डुलक्या काढणारा चालक नव्हता कशावरून? बोट दुखायला लागेपर्यंत ती बटण दाबत राहिली आणि कुणावर तरी ओरडावंसं वाटत राहिलं. समोर ओरडण्याजोगं कुणी नव्हतं.

*

मृण्मयी तेंडोलकरने मात्र एक गोष्ट केली. कायद्याच्या नियमावलीत 'प्रत्यक्ष चाचणी' नावाची एक तरतूद होती, कुणी कधी वापरली नव्हती. तिने ती शोधून काढली. महिनाभराने, एका स्वच्छ सकाळी, एक रिकामी शाळेची बस तासगाव रस्त्याला लागली. स्टिअरिंगवर दस्तगीर, मागच्या बाकावर मृण्मयी, हेमलता आणि परिवहन कार्यालयाचा एक निरीक्षक.

चाळीस मिनिटांत नेत्रपाल सव्वीस वेळा वाजला. दर वेळी दस्तगीर मोठ्याने सांगायचा, "जागा हाय साहेब." त्यानंतरच्या एका वळणावर उसाची ट्रॉली अचानक आडवी आली. त्याने गाडी अशी अलगद बाजूला घेतली की निरीक्षकाच्या हातातल्या बाटलीतलं पाणी सांडलं नाही. नेमकं तेव्हा नेत्रपालने डुलकीची सत्ताविसावी नोंद केली. निरीक्षक हसायला लागला. हेमलताला हसू आलं नाही.

निकाल आठ दिवसांनी आला. दस्तगीर मुलाणी 'अपवाद म्हणून' पात्र. नेत्रपालच्या नियमात बदल नाही, कारण एका अपवादाने कल सिद्ध होत नाही. उरलेल्या बासष्ट जणांनी हवं तर स्वतंत्र अर्ज करावा, सोबत 'मला वाहन चालवताना डुलकी लागत नाही' असं स्वहस्ते लिहिलेलं निवेदन जोडावं.

"पण अर्ज करता येतो हे त्यांना कोण सांगणार?" हेमलताने फोनवर विचारलं.

"आम्ही सांगू शकत नाही," मृण्मयी म्हणाली. "कुणाला कुठला शारीरिक दोष आहे ही खाजगी माहिती आहे. तीच जपण्यासाठी वेगळा कायदा आहे." मग तिनेच जोडलं, "तो कायदाही चांगलाच आहे, मॅडम. मीच त्याच्या मसुद्यावर काम केलंय."

दस्तगीर पेढे घेऊन आला तेव्हा हेमलताने त्याला हे सांगितलं, मगदूमांच्या पहिल्या फाइलसकट. पेढ्याचा पुडा हातात तसाच धरून तो बसून राहिला.

"ते पहिलं नाव तुमाला ठावं हाय न्हवं?" तो म्हणाला. "मिरज तालुक्यातलं?"

"मी गेले तर माझी नोकरी जाईल."

"मी घेऊन जातो तुमास्नी," तो म्हणाला. "मेव्हण्याची जीप हाय. रविवारी शाळंला सुट्टी."

*

रावसाहेब मगदूमांची वस्ती गावापासून दीड किलोमीटर आत होती. द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याचं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. सकाळचे दहा वाजले होते आणि मगदूम अंगणातल्या बाजेवर आडवे होते. त्यांची पत्नी अक्काताई सुपात शेंगा घेऊन बाजेच्या अगदी जवळ बसली होती. तान्हं नातवंड तिच्या पलीकडे, घोंगडीवर.

हेमलताने नाव सांगितलं, पण कामाचं लगेच सांगवेना. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं. सत्तावन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा माणूस. उजवी पापणी खाली. दस्तगीरसारखीच, थोडी जास्त.

"ही पापणी..."

"तालमीत मार लागला हुता, इसाव्या वर्षी," ते म्हणाले आणि उठून बसले. उठताना अक्काताईने त्यांच्या कोपराला हात लावला. लावायचं कारण नव्हतं. सवय झालेला हात होता तो.

हेमलताने मग सगळं सांगितलं. नेत्रपाल काय मोजतो, पापणी म्हणजे काय, डुलकी म्हणजे काय. सही आपली होती, हेही सांगितलं. ते सांगताना तिने मान खाली घातली नाही, एवढंच तिला जमलं. "तुम्हाला तेव्हा झोप लागत नव्हती," ती म्हणाली. "यंत्र चुकलं. मी चुकले."

अक्काताईच बोलली. "मॅडम, तीस वरसं दुधाचा टँकर चालवला यांनी. कागद आला, आनि मला पटलंच न्हाई. भांडले मी हापिसात जाऊन. तर हे म्हणाले, यंत्र खोटं कशाला बोलंल? त्याला काय माझं वाकडं हाय? वर जाणकार बाईची सही हाय." तिने सूप बाजूला ठेवलं. "तवापासनं सायकल सोडली. हिरीवर जात न्हाईत. नातू झाला, त्याला घेत न्हाईत. हातातनं पडला तर, म्हणत्यात."

"आता घ्या," दस्तगीर पुढे झाला. "काका, माझं बी ह्येच हुतं. बगा, माझी पापणी. परत चालवतोय मी बस, चाळीस पोरं घेऊन."

मगदूमांनी दस्तगीरच्या डोळ्याकडे बराच वेळ बघितलं. मग नातवाकडे. त्यांचे हात गुडघ्यांवरून हलले नाहीत.

हेमलताने बॅटरी काढली, त्यांची भुवई दाबली, वर बघायला लावलं, खाली बघायला लावलं. शंका नव्हतीच. तिने अर्ज बाजेवर पसरला. सगळं भरून आणलं होतं. फक्त निवेदनाची जागा मोकळी होती, कारण ते स्वहस्ते लिहायचं होतं. "इथं एवढी एकच ओळ लिहा," ती म्हणाली. "मला वाहन चालवताना डुलकी लागत नाही. बाकीचं मी बघते. तुमचा निकाल लागला की बाकीच्या एकसष्ट जणांसाठीही भांडता येईल. दोन प्रकरणं झाली की त्याला अपवाद म्हणता येत नाही."

मगदूमांनी पेन घेतलं. कागद मांडीवर ओढला. 'मला' एवढा शब्द लिहिला, मोठ्या, गोल अक्षरांत. आणि थांबले.

"मॅडम, मला आता झोप येती," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आधी न्हवती येत. पण ह्या वरसात यायला लागलीय. बसलो की येती. सकाळच्याला येती. परवा जेवताना घास हातात धरून डोळा लागला. हिला इचारा."

अक्काताईने मान हलवली.

हेमलताने पुन्हा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. बॅटरीच्या झोतात बाहुली आकसली, मोठी झाली. पापणीचा स्नायू, बुबुळ, नजर, सगळं सांगता येत होतं. वर्षभर बाजेवर बसून राहिलेल्या माणसाला येणारी झोप खरी की कागदाने आणलेली, आणि गाडीवर बसल्यावर ती राहील की जाईल, हे तिच्या बॅटरीत दिसत नव्हतं. कुठल्याच बॅटरीत दिसलं नसतं.

"दूध न्यायचो तवा वाटंत शाळा लागायची," मगदूम म्हणाले. "पोरं रस्ता वलांडायची. खोटं लिहून गाडीवर बसलो आनि वाटंत खरंच डोळा लागला तर? आनि खरं लिहिलं, तर तुमचं ते बाकीच्या लोकांचं बी आडतंय." पेनाचं टोक त्या एका शब्दापुढे टेकलेलं होतं, शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत होता. त्यांनी मान वर केली. खाली आलेल्या पापणीआडून ते तिच्याकडे बघत होते. रागाने नाही, पूर्ण विश्वासाने.

"तुमी जाणकार हाय. तुमीच सांगा, काय लिहू?"